पोटातल्याचा वाटा

मिहीर आणि इरा, हे मी तुमच्यासाठी लिहिते आहे. पुरवणीत छापून येईल, इथली माणसंही वाचतील, तरी लिहिताना समोर तुम्ही दोघंच आहात. इरा, मागे तू फोनवर विचारलंस, "आजी, मी आईच्या पोटात होते तेव्हा मी मीच होते का?" तुमच्या शाळेत त्यावर चर्चा होती आणि तुला दोन्ही बाजूंनी बोलायचं होतं. मी म्हटलं, रविवारी सांगते. त्याच आठवड्यात बाबल तांडेल गेले. रविवारी मी तुझ्याशी पावसाबद्दल आणि नारळ काढायला माणूस मिळत नाही याबद्दल बोलत राहिले. तू समजूतदारपणे पुन्हा विचारलं नाहीस. पण मला तेव्हापासून स्वस्थता नाही, कारण नेमका हाच प्रश्न मला आयुष्यात ज्या माणसाने पुन्हा पुन्हा विचारला तो माणूस आता नाही, आणि त्यालाही मी असंच रविवारवर टाकत आले होते.

बातमी सरिताने आणली. श्रावणातली दुपार होती. ती फाटकाशी उभी राहिली, आत आली नाही. "बाई, बाबलकाका गेले," म्हणाली. मग, "तुमी येतास मां?" एवढंच. मी पायात चपला घालून बाहेर येईपर्यंत ती वाटेला लागलीसुद्धा होती. ही सरिता कोण हे पुढे सांगते. खरं तर सगळं तिचंच आहे.

बाबलभाऊ तुम्हाला आठवत असतील. मिहीर, तुला त्यांनी एकदा खांद्यावर घेऊन होडीत बसवलं होतं आणि तू उतरायला तयार नव्हतास. उंच, किडकिडीत, कमरेला पंचा, आणि आवाज असा की या टोकाला बोलले तर त्या टोकाच्या बायका हसायला लागायच्या. मी शाळेत इंग्रजी शिकवायचे, त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती, म्हणून मी त्यांची 'बाई'. ते आमच्या वाडीच्या रापणीचे तांडेल, म्हणजे प्रमुख. रापण म्हणजे काय हे तुम्ही पाहिलं आहे पण लहान होतात. होडीतून लांबच लांब जाळं समुद्रात अर्धगोल सोडत जायचं, त्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणायचे, आणि मग सगळ्या वाडीने दोन्ही बाजूंनी ओढायचं. बाप्ये, बायका, शाळेला दांडी मारलेली पोरं, सगळी. मासळी वाळूत आली की तिचे वाटे घालायचे, दर घराला एक. तराजू नाही. बाबलभाऊ हातानेच ढीग घालायचे आणि मग समुद्राकडे तोंड करून, ढिगांकडे पाठ करून उभे राहायचे. मागून कोणीतरी एका ढिगाकडे पायाने दाखवून विचारायचं, "हो कोणाचो?" आणि ते न बघता एका घराचं नाव घ्यायचे. ज्याने वाटे घातले त्यालाच कळू नये कुठला कोणाला गेला, म्हणून ही रीत. बायका दोर ओढायच्या, पण वाटा पडायचा तो घरातल्या पुरुषाच्या नावाने. ते कोणाला खटकत नव्हतं. मलाही नाही.

अठ्ठ्याण्णवची दिवाळी जवळ आली होती. तुझ्या आईने तिकडून, परदेशातून, पोस्टाने एक फोटो पाठवला होता, इरा. काळ्या कागदावर पांढरी धूळ उडाल्यासारखं काहीतरी, आणि मागे तिच्या अक्षरात 'तुमची नात'. मी तो पर्समध्ये घालून फिरत होते. किनाऱ्यावर बाबलभाऊंना दाखवला. त्यांनी पंच्याला हात पुसले, फोटो घेतला, एकदा उभा धरला, एकदा आडवा.

"बाई, ह्यां खंयच्या बाजून बघूचा?"

मी डोकं दाखवलं, पाठीचा कणा दाखवला. ते म्हणाले, "सुरमयच्या पोटातली गाबोळी दिसता तशी दिसता." माशाच्या अंड्यांची उपमा ऐकून मी रागावले तसे हसले. मग विचारलं, "चेडू म्हणान कसा कळला?" मी म्हटलं, मुलगी की मुलगा ते तिकडे आधीच सांगतात. नावसुद्धा ठरलंय, इरा. त्यावर ते गंभीर झाले आणि फोटो दोन्ही हातांनी परत दिला. "नाव आसा म्हणजे माणूस आसा," असं म्हणाले. मला फार बरं वाटलं होतं ते ऐकून.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी खाडीच्या तोंडाशी होडी उलटली आणि संतोष गेला. आमच्या रापणीतला तरणाबांड मुलगा. त्याची बायको सरिता. तळेऱ्याच्या पलीकडच्या एका गावातली, भातशेती आणि काजूच्या घरातली मुलगी. लग्नाआधी तिने समुद्र पाहिला नव्हता. वय एकवीस-बावीस. तिला नुकतेच दिवस गेले होते, हे कळलं तेसुद्धा तिची सासू प्रेतापाशी रडताना बोलून गेली म्हणून. रापणीचा नियम असा की माणूस गेला की त्याचा वाटा थांबतो. मागे झील, म्हणजे मुलगा, असेल तर त्याच्या नावाने चालू राहतो. संतोषचे वडील दत्ताराम दुसऱ्या रापणीत होते, त्यांचा वाटा तिकडे. म्हणजे संतोषचा वाटा थांबणार होता.

सुतक फिटल्यावरची पहिली रापण. मी सकाळी फिरायला गेले होते, म्हणून सगळं डोळ्यांनी पाहिलं. वाटे घालून झाले, बाबलभाऊ समुद्राकडे तोंड करून उभे राहिले. एकेक नाव होत गेलं. शेवटी एक ढीग उरला. मागून आवाज आला, "हो कोणाचो?"

"संतोषच्या पोराचो."

"खंय आसा पोर?"

"पोटात."

मग एकदम गलका. कोणी म्हणालं, पोटातलो दोर कसो ओढतलो? हसले सगळे. बाबलभाऊंनी वळून न बघताच उत्तर दिलं, "तुझो बापूस मरासर अंथरुणार होतो. तेणी किती दोर ओढलो? वाटो जाय मां घराक?" दुसरा म्हणाला, "तांडेलानू, जन्माक तर येवंदे. मगे बघूया." तेव्हा ते वळले. "जन्माक येयसर तां उपाशी रवतला? आवशीच्या तोंडान खाता मां तां? बाईंची नात बघ, थय परदेशात पोटात आसताना नाव घेवन बसली हा." आणि माझ्याकडे बोट केलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी होय म्हणून मान हलवली. वाटा दत्तारामच्या टोपलीत गेला.

त्या दिवशी मी तुमच्या बाबांना लांबलचक पत्र लिहिलं. मोठमोठ्या देशांत ज्यावर लोक भांडतात तो प्रश्न आमच्या वाळूवर एका माणसाने बांगड्यांचा ढीग घालून सोडवला, अशा अर्थाचं काहीतरी. अजून जन्मलंही नाही त्याचा हक्क गावाने मानला याचा मला अभिमान वाटत होता. ढिगाशेजारी सरिता उभी होती. तिच्याकडे त्या दिवशी कोणी पाहिल्याचं मला आठवत नाही… मी तर नाहीच.

मग काय झालं, तर वाटा पोटातल्याचा म्हणून पोटावर सगळ्यांचा हक्क झाला. सरिताने खाडी ओलांडू नये. ओझं उचलू नये. पपई खाऊ नये, आणि कोळंबी खावी की नाही यावर दोन म्हाताऱ्यांचं विहिरीवर भांडण झालं. तिचा भाऊ तिला माहेरी न्यायला आला तेव्हा दत्ताराम त्याला म्हणाले, "ती जावंदे खुशाल. पण पोर ह्या घरचा, तेचो वाटो हय पडता. पोर हयच रवतला." भाऊ गोंधळून म्हणाला, "पोर पोटात आसा, तां मागे ठेवन ती कशी येतली?" त्यावर दत्ताराम म्हणाले, "तां मी कित्याक सांगू?" भाऊ रिकाम्या हाताने परत गेला. ही गोष्ट वाडीत लोक विनोद म्हणून सांगत होते. मीही हसले होते.

काही दिवसांनी दुपारी सरिता माझ्याकडे आली. मी ओटीवर सुपाऱ्या सोलत होते. ती समोर बसली, एक सुपारी घेऊन नखाने साल ओढत राहिली. म्हणाली, "बाई, माका हे दिवस नको." मी हातातलं खाली ठेवलं. ती रडत नव्हती. भाऊ न्यायला तयार आहे, पण मूल झालं तर हे लोक मुलाला सोडणार नाहीत आणि मुलाला सोडून तिला जाता येणार नाही, म्हणजे जन्मभर ती या घरात त्या वाट्याची राखण करत बसणार. हे तिने इतकं सरळ सांगितलं की तिने ते अनेक दिवस घोळवलं होतं हे मला कळलं. मी तिला कायदा सांगायला लागले. सज्ञान बाईला दुसऱ्या कोणाची सही लागत नाही, सासऱ्याची तर नाहीच. तिने मध्येच थांबवलं. "कायदो सांगा नको. वांगडा येतास काय ता सांगा."

मी तिच्यासोबत कणकवलीच्या दवाखान्यात गेले. माझ्या शिक्षणाप्रमाणे, माझ्या समजुतीप्रमाणे तिचं शरीर, तिचा निर्णय, यात मला शंका नव्हती. पर्समध्ये तुझा फोटो होता, इरा. तो काढून घरी ठेवावा असं निघताना मनात आलं, आणि मग वाटलं, का काढायचा? तो तसाच राहिला.

कणकवलीच्या पहिल्या गाडीच्या थांब्यावर बाबलभाऊ बसलेले होते. आमच्या आधीच. कोणी सांगितलं देव जाणे, वाडीत भिंतींना कान असतात. ते उठले नाहीत. मला म्हणाले, "बाई, खंय चललात?"

"कणकवलीला."

"वाटो दिलोहा तेका," ते म्हणाले. "सगळ्या वाडीसमोर दिलोहा. ज्याका वाटो आसा तेका असो काढून टाकतत?"

मी म्हटलं, बाबलभाऊ, ते अजून माणूस नाही. त्यांचा आवाज कधी नव्हे तो खाली आला. "माका फोटो कोणी दाखवलो? ही माझी नात, म्हणान कोणी सांगलां? तुमची नात माणूस, आणि ह्यां काय? गाबोळी?"

महिन्यांचा फरक होता, असं मी नंतर स्वतःला सांगितलं. फोटोत इरा पाच महिन्यांची होती, हे तीनाचंही नव्हतं. पण मुलांनो, फोटो आला नसता तरी तुमच्या आईने फोनवर सांगितलं त्या दिवसापासून मी तिला माझं नातवंडच म्हणत होते.

तेव्हा सरिता बोलली. तोवर ती माझ्यामागे उभी होती. "काका, तुमी रापणीर म्हणालात, पोर आवशीच्या तोंडान खाता. मगे मी कोण? नुसता तोंड?"

बाबलभाऊ तिच्याकडे बघायला लागले. ती पुढे म्हणाली, "संतोष गेलो तेव्हा घोव माझो गेलो. वाटो पोटातल्याक दिलात. खावक सासऱ्याक दिलात. माका काय दिलात? माका इचारलात तरी, सरिता, तुका काय होया?"

लांबून गाडीचा आवाज यायला लागला. बाबलभाऊ म्हणाले, "आता इचारतंय. काय होया तुका?"

"माका जावक होया."

ते उठले. मला वाटलं, आता वाट अडवणार. त्यांनी तिची पिशवी उचलली, गाडी थांबल्यावर चढून सीटवर ठेवली आणि खाली उतरताना म्हणाले, "खिडकेत बस गो. नायतर उलटी होयत घाटीत." गाडी सुटली तेव्हा ते थांब्यावरच उभे होते, पाठ करून. रापणीवर उभे राहायचे तसेच.

परत आल्यावर सरिता काही दिवस माझ्याकडे राहिली. दत्ताराम फाटकापर्यंत येऊन शिव्या देऊन गेले. मलाच जास्त दिल्या, आणि इंग्रजी शिकून हेच शिकवता काय असंही विचारलं. आणि बाबलभाऊंनी सुतक पाळलं. हे मला नंतर कळलं. देवळात गेले नाहीत, मासळीला शिवले नाहीत, दाढी केली नाही. गावची जत्रा होती आणि पालखीच्या वेळी दरवर्षी पुढे असणारा माणूस घरी बसला. लोकांनी टोमणे मारले, "तांडेलानू, कोणाचा सुतक?" ते म्हणाले, "जेका वाटो दिलेलंय तेचा." ज्यांचं रक्ताचं होतं त्या दत्तारामांनी जत्रेत नारळ फोडला. मी बाबलभाऊंवर चिडले होते. मला वाटलं, हे सरिताला डिवचण्यासाठी आहे. मी तसं तिला बोललेसुद्धा. ती म्हणाली, "पाळूदे. कोणीतरी पाळूक होया मां." मला ते समजायला फार वर्षं लागली, आणि पूर्ण समजलंय असं अजून म्हणवत नाही.

सुतक संपवून ते रापणीवर आले. मी मुद्दाम गेले होते. वाटे घातले, समुद्राकडे तोंड केलं. नावं होत गेली.

"हो कोणाचो?"

"सरिताचो."

दत्ताराम बघायला आले होते, ओरडले, "बायलमाणसाचो वाटो? रापणीक?" बाबलभाऊ म्हणाले, "दोर ओढता तेचो वाटो. तिका हात नाय काय?" कोणीतरी पुटपुटलं की संतोष गेला, पोर गेलं, आता कसला वाटा. तेव्हा त्यांनी वळून सगळ्यांना सांगितलं, "माझा चुकला. पयल्याच दिवशी तिच्या नावान घालूक होयो होतो." एवढंच बोलले. सरिता टोपली घेऊन पुढे आली. पुढच्या खेपेला ती दोराला होती.

तिचा भाऊ पुन्हा न्यायला आला. ती माहेरी गेली आणि काही दिवसांनी परत आली. आता वेगळं घर करून राहते, आचऱ्याच्या बाजारात मासळी विकते. मी विचारलं होतं, का परत आलीस? "हय माझो वाटो आसा," ती म्हणाली.

आणि इथेच एक प्रश्न अडकून राहिला, बाबलभाऊंच्या मनात आणि माझ्याही. पहिल्याच दिवशी वाटा तिच्या नावाने पडला असता तर? सासऱ्याच्या टोपलीत न जाता तिच्या टोपलीत गेला असता, तर तिला कणकवलीला जावंसं वाटलं असतं का? पोटातल्याचा हक्क त्यांनी सगळ्यांत आधी ओळखला, आणि तो देताना ज्या बाईच्या पोटात ते होतं तिला विसरले, म्हणूनच ते गेलं का? त्यांनी एकदा माझ्याच ओटीवर हे सरिताला विचारलं. ती मासळी निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "काका, माका ठावक नाय. आणि परत इचारा नको." मग दोन पापलेटं बाजूला काढून त्यांच्या पिशवीत टाकली.

तिला त्यांनी परत विचारलं नाही. मला विचारत राहिले. वर्षातून एखाददा, भलत्याच वेळी. लग्नाच्या पंगतीत, वीज गेलेली असताना, मतदानाच्या रांगेत. पोटातलं ते खरंच होतं ना, एवढंच. "बाई, तां होता मां?" मी कधी सांगायचे शास्त्र काय म्हणतं, हृदय कधी धडधडायला लागतं, मेंदू कधी. कधी कायदा सांगायचे. ते ऐकून घ्यायचे. एकदा म्हणाले, "तुमचो कायदो कधीपर्यंत काढूचा तां सांगता. होता काय नाय, तां सांगणा नाय." बरोबर होतं त्यांचं.

पावसाच्या सुरुवातीला त्यांना भेटायला गेले ती शेवटची भेट. छातीत कफ, खाटेवर उशीला टेकून बसलेले. मला वाटलं होतं आज तरी विचारणार नाहीत. चहा झाला आणि विचारलंच. "बाई, तां होता मां?"

मी पहिल्यांदा म्हटलं, "होतं."

"आणि सरिता?"

"तीही होती."

ते खोकत खोकत हसले. "येवढा शिकान येवढाच सांगूक येता तुमका?" मग मलाही हसू आलं. पण घरी येताना वाटेतच वाटलं, मी चुकीचं बोलले. आजारी माणसाला बरं वाटावं म्हणून बोलले. 'होतं' म्हटलं तर मग त्या दिवशी गाडीत मी सरिताचा हात धरून काय केलं? आणि 'नव्हतं' म्हटलं तर बाबलभाऊंनी पाळलेलं सुतक कोणाचं? पुन्हा जाऊन नीट बोलायचं ठरवलं. पाऊस होता, आज जाऊ उद्या जाऊ करत राहिले.

इरा, तुझ्या प्रश्नाला मी म्हणेन, हो, तू तूच होतीस. पण मला ते म्हणायला सोपं जातं कारण आम्हाला सगळ्यांना तू हवी होतीस. हे उत्तर शाळेत देऊ नकोस. कारण मग जे नको असतं ते नसतंच, असं होतं, आणि सरितासुद्धा तसं म्हणत नाही. तुला दोन्ही बाजूंनी बोलायचं होतं ना, तर दोन्ही बाजूंनी बोल, आणि बोलून झाल्यावर कोणी जिंकलं म्हणालं तर विश्वास ठेवू नकोस. तुझी आई म्हणते हे सगळं तुझ्या वयाला जड आहे. मिहीर, ती म्हणाली तर तू आधी वाच.

रापण आता पूर्वीसारखी लागत नाही. यांत्रिक बोटी किनाऱ्याजवळ येऊन सगळं ओढून नेतात, जाळ्यात कधी नुसता पाला येतो. तरी लागते. तीन वर्षांपूर्वी वाडीतला आणखी एक तरुण समुद्रात गेला तेव्हा त्याच्या बायकोला दिवस आहेत की नाहीत हे रापणीवर कोणी विचारलं नाही. वाटा तिच्या नावाने पडला. या हंगामाच्या पहिल्या रापणीला बाबलभाऊंचा पुतण्या समुद्राकडे तोंड करून उभा राहिला आणि चौथ्या-पाचव्या ढिगाला त्याने सरिताचं नाव घेतलं. ती दोराचा हात धुऊन पुढे आली आणि वाटा घेऊन गेली. बांगडे होते.